सुपरमार्केट की वेगवेगळी दुकानं: कोणती वस्तू कुठून घ्यायची?

दोन_पिशव्या (प्रश्न)

चार माणसांच्या घराचा आठवड्याचा बाजार आहे. सगळं एकाच सुपरमार्केटातून आणावं, की भाजी भाजीवाल्याकडून, मासे-मांस त्या त्या दुकानातून, ब्रेड बेकरीतून आणि कोरडा माल किराणा दुकानातून घ्यावा, हे ठरवायचं आहे. 'छोटी दुकानं ताजी' किंवा 'सुपरमार्केट स्वस्त' अशी सरसकट उत्तरं भरपूर वाचली, पण त्यातून काही हाती लागलं नाही. वस्तूगणिक उत्तर हवं आहे.

नेमके प्रश्न असे. कुठल्या वस्तूंसाठी वेगळ्या दुकानाची फेरी खरंच परवडते? दोन्हीकडच्या किमतींची तुलना बिनचूक कशी करायची? सुट्ट्या मालावर तारीख नसते, मग त्याचा ताजेपणा कसा ओळखायचा? आणि फेऱ्या वाढल्या तर वेळ कसा बसवायचा? आठवड्यात एक मोठी आणि एक छोटी फेरी जमेल, त्याहून जास्त नाही.

तराजू

वस्तूगणिक विचार करताय हे उत्तम. पहिली कसोटी उठावाची लावा. ज्या दुकानात त्या वस्तूचा उठाव जास्त, तिथे ती ताजी मिळते. दुकान छोटं की मोठं, हे त्यानंतर. ज्याच्याकडे मासे रोज दुपारपर्यंत संपतात, त्याच्याकडचा मासा आजचाच असणार. पण त्याच गल्लीतल्या किराणा दुकानात व्हिनेगरच्या बाटलीवर धूळ असेल, तर ती तिथे बरेच महिने उभी आहे. सुपरमार्केटातही हेच होतं. दूध आणि अंडी झपाट्याने जातात, क्वचित खपणारी पालेभाजी मात्र पिशवीतच पिवळी पडते.

दुसरी कसोटी: त्या वस्तूला विकणाऱ्याच्या हाताचं काम लागतं का? साफ करणं, कापणं, दळणं, 'आजसाठी दोन पिकलेली आणि गुरुवारसाठी दोन कच्ची' अशी निवड करून देणं. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसमध्ये पिगली विगली हे दुकान उघडलं. तिथे गिऱ्हाईक स्वतः फडताळातून माल उचलायचं. त्याआधी काउंटरमागचा माणूस वस्तू काढून, मोजून द्यायचा. स्वतः माल उचलण्याच्या या पद्धतीत माणसाच्या सल्ल्याची जागा लेबलने घेतली. म्हणून जिथे लेबल पुरतं तिथे सुपरमार्केट पुरतं, आणि जिथे हात लागतो तिथे वेगळं दुकान.

या दोन्ही कसोट्या लावल्या, तर वेगळ्या दुकानाची फेरी सगळ्यात जास्त वसूल होते ती माशांसाठी. मासा अख्खाच बघा, तुकडे करून ठेवलेला नको. कल्ल्याचं झाकण बोटाने उचला. आत लालभडक आणि ओलसर हवं. विटकरी, तपकिरी किंवा राखाडी दिसलं आणि वर चिकट दाट थर असला तर सोडून द्या. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, पण एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नका, कारण थेट बर्फाला टेकलेला ताजा मासाही डोळ्याने धुरकट दिसतो. पाठीवर बोट दाबून सोडा, खळगा लगेच भरून यायला हवा. पोट फाटलेलं किंवा मऊ पडलेलं नको, कारण पोट आतून सर्वात आधी बिघडतं. वास समुद्राचा किंवा पाण्याचा असतो. नाकात चढणारा, अमोनियासारखा वास आला की तिथेच थांबायचं. मासा ठेवलाय कशात, तेही बघा. बर्फाच्या चुऱ्यात गाडलेला हवा, बर्फावर नुसता मांडलेला नको. शून्य अंश सेल्सिअसच्या तुलनेत ५ अंशांवर मासा सुमारे दुप्पट वेगाने खराब होतो, म्हणजे वरची बाजू उघडी राहिली तर अर्धा फायदा गेलाच.

दुसरा नंबर खिम्याचा. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात. दळल्यावर तेच आतपर्यंत मिसळतात. म्हणून तुकडा निवडा, डोळ्यासमोर दळून घ्या, एक-दोन दिवसांत शिजवा आणि शिजवताना मधला भागही पूर्ण शिजू द्या. आधी कोंबडीचं काही दळलं असेल तर यंत्र धुतल्याशिवाय दळून घेऊ नका. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगायलाच हवं.

तिसरी गोष्ट दळलेल्या सुगंधी मालाची, म्हणजे मसाले आणि कॉफी. अख्खे दाणे घेऊन लागतील तसे दळा. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांतच उतरतो.

बाकी मीठ, साखर, डबाबंद माल, पॅकबंद तेल, फ्रोझन भाज्या, टेट्रापॅक दूध, लहान बाळाची दूध पावडर यांसाठी वेगळ्या दुकानाची फेरी करण्यात अर्थ नाही. तेल तेवढं उजेडाच्या फडताळातल्या पारदर्शक बाटलीचं घेऊ नका. गडद बाटली किंवा पत्र्याचा डबा घ्या, कारण उजेडाने तेलाला खवट वास लवकर धरतो.

हिशेबवही

किमतीबद्दल लिहितो, कारण चुका इथेच सर्वांत जास्त होतात. लोक पाकिटाची किंमत पाकिटाशी ताडतात. ताडायची असते ताटात पडणाऱ्या किलोची किंमत. सूत्र सोपं आहे: किलोची किंमत भागिले प्रत्यक्ष वापरात येणारा वाटा.

भाजीवाल्याकडे टोमॅटोचा किलोचा भाव १०० धरा आणि त्यातले ८ टक्के फेकले जातात असं समजा. खरा भाव १०० भागिले ०.९२, म्हणजे जवळपास १०९. सुपरमार्केटात तोच किलो ९० ला, पण पाकिटातले तळाचे दोन दबलेले आणि आठवड्याच्या शेवटी एक नासलेला धरून २५ टक्के गेले, तर ९० भागिले ०.७५, म्हणजे १२०. स्वस्त दिसणारं महाग निघालं. उलटही होतं. अख्ख्या गोल (चपट्या नसलेल्या) माशातून काटे-डोकं काढून साधारण ४० ते ५० टक्के मांस हाती येतं. अख्खा मासा १०० ला किलो आणि उतारा ४५ टक्के, तर मांसाचा भाव २२२. दुसरीकडे साफ केलेले तुकडे २१० ला मिळत असतील तर तेच स्वस्त. अर्थात डोकं आणि काट्यांचा रस्सा करणार असाल तर पारडं पुन्हा अख्ख्या माशाकडे झुकतं.

वजनात फसगत होते ती या जागी:

डबाबंद मालावर दोन वजनं असू शकतात, निव्वळ वजन आणि पाणी काढल्यावरचं वजन. तुलना दुसऱ्याची करा. फ्रोझन मासे आणि कोळंबीवर बर्फाचं पातळ आवरण देतात, त्यामुळे बर्फाशिवायचं वजन लेबलवर शोधा. सुट्टा माल मोजताना भांडं किंवा खोका काट्यावर आधी ठेवून काटा शून्यावर आणायला हवा. २० ग्रॅमचा खोका २५० ग्रॅम चीजमध्ये मोजला गेला, तर तुम्ही ८ टक्के पुठ्ठा विकत घेतला. एक किलो कांद्यात तोच खोका २ टक्के होतो, म्हणून महागड्या आणि थोड्या मालाच्या वेळी काट्याकडे नजर ठेवा. पालेभाजी जुडीने मिळत असेल तर दोन्हीकडची एकेक जुडी घरी आणून पाणी झटका, देठ-मुळं काढा आणि निवडलेली पानं मोजा. हे एकदाच करावं लागतं, पुढे वर्षभर अंदाज चुकत नाही.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा समज सोडा. फडताळाच्या चिठ्ठीवर किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असेल तर तोच वाचा, नसेल तर फोनवर भागाकार करा. 'एकावर एक फुकट' ही निम्मी किंमत तेव्हाच, जेव्हा दुसरं पाकीट पूर्ण वापरलं जातं. दुसऱ्यातलं अर्धं फेकलं, तर एकाच्या पैशात दीड मिळालं, म्हणजे सवलत ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. साबणाला हे लागू नाही, दह्याला आहे.

आणखी एक खर्च कुणी मोजत नाही, तो यादीबाहेरच्या वस्तूंचा. घरी आल्यावर बिलावर त्या पेनने खुणवा. ढकलगाडी १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवायचे. हे लक्षात ठेवून छोट्या यादीसाठी टोपलीच घ्या.

चार आठवडे हिशेब ठेवा. दोन आठवडे सगळं सुपरमार्केटातून, दोन आठवडे वाटून, आणि यादी मात्र तीच. तीन आकडे लिहा: बिलाची बेरीज, यादीबाहेरची बेरीज, आणि फेकलेल्या अन्नाचं वजन. फेकायचं एका पिशवीत जमवून दर शनिवारी मोजा. साली-देठ त्यात धरू नका, फक्त खाण्यासारखं असून वाया गेलेलं धरा. ज्या आठवड्यात पाहुणे आले किंवा दोन वेळा बाहेर जेवण झालं, तो सोडून पुढचा घ्या.

शीतसाखळी

तराजू यांचा उठावाचा मुद्दा पटतो, पण वासाबद्दल सावध करावंसं वाटतं. वास, चिकटपणा, रंग यांवरून माल शिळा झालाय का ते कळतं. तो आजारी पाडेल का, हे त्यावरून कळेलच असं नाही. लिस्टेरियासारखे जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतात आणि अन्नाला वास येत नाही. टूना, बांगडा अशा माशांत ते उबेला राहिले की हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. म्हणून दुकान निवडताना मालाआधी थंडी बघा.

थंड मालासाठी ५ अंशांखाली, फ्रोझनसाठी उणे १८ अंश. छोट्या दुकानात फ्रिजवर तापमान दिसत नसेल तर इतर खुणा बघा: दार नीट लागतं का, रात्री फ्रिज बंद केल्याची चिन्हं म्हणजे तळाशी पाणी साचलंय का, कच्चं मांस तयार पदार्थांच्या वर ठेवलंय का, पैसे घेतलेल्या हातानेच माल उचलतात का. सुपरमार्केटातल्या उघड्या थंड कपाटात कडेला एक रेघ असते, तिच्यापलीकडे किंवा तिच्यावर रचलेला माल गारव्याच्या बाहेर असतो. तो घेऊ नका, मागच्या रांगेतला घ्या. मागे नवा माल लावायची रीत असल्याने तारीखही बहुधा पुढची मिळते. फ्रोझन पाकीट हलवून बघा. दाणे सुटे वाजले तर ठीक. एकच गठ्ठा झाला असेल किंवा आत बर्फाचे जाड स्फटिक असतील, तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय.

तारखांचे दोन प्रकार वेगळे ठेवा. 'या तारखेपर्यंत वापरा' ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की फेका. 'या तारखेपर्यंत उत्तम' ही चवीची तारीख. बिस्किटं किंवा डाळ त्यानंतर महिन्याने खाल्ली तरी धोका नसतो, कुरकुरीतपणा तेवढा कमी होतो. आणि एक बारकावा फार कमी लोक बघतात. वजन करून चिकटवलेल्या लेबलवरचा बारकोड बहुतेक वेळा २ ने सुरू होतो. ते लेबल दुकानातच छापलेलं असतं. त्यावरची पॅकिंगची तारीख म्हणजे दुकानात पाकीट बांधल्याची तारीख. चीज कधी कापलं, मांस कधी आलं, हे त्यावर नसतं. म्हणजे अशा पाकिटाच्या बाबतीत तुम्हीही सुट्टाच माल घेताय, नजर तशीच ठेवा.

निर्वात पाकिटातलं लाल मांस जांभळट दिसतं. घाबरू नका, आत प्राणवायू नसल्याने रंग तसा असतो, उघडल्यावर अर्ध्या तासात लाल होतो. फुगलेलं पाकीट आणि फुगलेला डबा मात्र परत ठेवा, दुकानदाराला दाखवाही.

घरात कुणाला शेंगदाणा, तीळ, गहू, दूध अशी कशाची ॲलर्जी असेल तर चर्चाच संपते: तो माल पॅकबंद आणि घटक छापलेलाच. सुट्ट्या मालाच्या पिंपात एकच चमचा दोन पिंपांतून फिरतो. त्याबद्दल दुकानदाराने मनापासून दिलेली खात्रीही उपयोगाची नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाने काय केलं हे त्यालाही ठाऊक नसतं. शिवाय कंपनीने माल परत मागवला तर बॅच नंबर लागतो. पिंपातून घेतलेल्या मालाला तो तुमच्याकडे नसतो.

दोन_पिशव्या

फार उपयोगी. सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. सुट्टं धान्य-डाळ घेतली तर किडीचं काय? आणि एक मोठी, एक छोटी फेरी यात हे सगळं बसवायचं कसं? तराजू म्हणतात मासा-खिमा एक-दोन दिवसांतच, बेकरीचा ब्रेडही दोन दिवसांत कडक होतो. मग छोट्या फेरीचा दिवस ठरवणं अवघड जातंय.

कोठीघर

आधी कीड. घेताना मूठभर धान्य पांढऱ्या कागदावर पसरा. बारीक पीठ पडलं, दाण्याला टाचणीएवढी भोकं दिसली किंवा दोन-तीन दाणे जाळीने एकमेकांना चिकटलेले दिसले, तर आत किडे किंवा अळी आहे. कुबट वास म्हणजे ओलावा लागलेला, तो उन्हात वाळवूनही जात नाही. अंडी डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून चांगलं दिसलेलं धान्यही एक-एक किलोच्या घट्ट बंद पिशव्यांत उणे १८ अंशांवर किमान चार दिवस ठेवा. पाच किलोचं पोतं तसंच ठेवलं तर मधोमध थंडी पोहोचायलाच खूप वेळ जातो आणि तिथली अंडी वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतला ओलावा थंड दाण्यांवर बसतो आणि आठवड्यात बुरशी. जुन्या मालाच्या डब्यात नवा कधीच ओतू नका. डबा रिकामा, धुऊन पूर्ण कोरडा, मग भरा. कोंड्यासकट दळलेलं पीठ थोडंच आणा, त्यातल्या अंकुराच्या तेलामुळे ते पांढऱ्या पिठाच्या आधी खवट होतं.

आता फेऱ्या. मोठ्या फेरीत क्रम असा ठेवा: किराणा आणि डबाबंद आधी, मग टिकाऊ भाज्या, मग नाजूक फळं आणि पाला, शेवटी थंड आणि अगदी शेवटी फ्रोझन. मासे-मांस त्याच दिवशी घ्यायचं असेल तर त्या दुकानातून थेट घरी, वाटेत दुसरं काम नको. थंड माल बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. या हिशेबात रांगेतला आणि वाटेतला वेळही धरा. जाड पिशवीत बर्फाच्या दोन बाटल्या टाकल्या की बराच दिलासा मिळतो.

छोट्या फेरीचा दिवस ब्रेडवरून ठरवू नका. ब्रेड फ्रीझरमध्ये जातो. आणल्या दिवशीच काप करून, हवा काढून गोठवा, लागतील तेवढे काप थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर टाका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. तिथल्या तापमानाला पिठातला स्टार्च बाहेरच्यापेक्षाही लवकर कडक होतो, आणि ब्रेड एका रात्रीत शिळ्यासारखा लागतो.

दिवस ठरवा मासा आणि पाल्यावरून. मोठी फेरी शनिवारी असेल तर छोटी बुधवारी. शनिवारचा मासा शनिवारी-रविवारी, शनिवारचा पाला सोमवारपर्यंत, मंगळवारी गाजर-कोबी-बटाटा असं जे टिकतं ते. बुधवारी पुन्हा ताजा मासा आणि पाला. भाजीवाल्याला 'माल कुठल्या दिवशी येतो' एवढं विचारा आणि बुधवारऐवजी तो दिवस घ्या. हे विचारण्यात गैर काहीच नाही, चांगला दुकानदार आपणहून सांगतो.

एवढं करून माल घरी चुकीच्या जागी ठेवला की ताज्या दुकानाचा फायदा दोन दिवसांत जातो. टोमॅटो १२ अंशांखाली गेला की त्याचा वास मरतो, केळं १३ अंशांखाली काळं पडतं. दोन्ही बाहेर. सफरचंद, पिकलेली केळी, पिकलेले टोमॅटो इथिलिन वायू सोडतात. त्यांच्या शेजारी काकडी आणि पाला पिवळा पडतो, गाजर कडवट होतं. बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब. उजेडात हिरवे पडलेले बटाटे तो भाग जाड कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर बटाटा फेका. फ्रिजमध्ये बटाटा ठेवला तर त्यातली साखर वाढते आणि तळताना तो लगेच काळपटतो.

तराजू

कोठीघर यांच्या ब्रेडच्या दुरुस्तीशी सहमत, मी तो मुद्दा सोडूनच दिला होता.

बुधवारच्या माशाबद्दल एक भर. दुकानात विचारा, 'हा आधी गोठवलेला होता का?' लांबून येणारे बरेच मासे गोठवून येतात आणि दुकानात वितळवून बर्फावर मांडतात. त्यात वाईट काही नाही, समुद्रावरच लगेच गोठवलेला मासा चार दिवस बर्फात फिरलेल्यापेक्षा चांगला असू शकतो. पण तो घरी पुन्हा गोठवला तर मांस भुसभुशीत होतं आणि शिजवताना पाणी सुटतं. तसा असेल तर दोनच दिवसांपुरता घ्या, आणि साठवायचा असेल तर 'न वितळवलेला आहे का' असं विचारून फ्रीझरमधलाच घ्या. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत ठेवला की सकाळपर्यंत वितळतो. निर्वात पाकिटात असेल तर वितळायला ठेवण्याआधी पाकीट कापून उघडा, कारण प्राणवायू नसलेल्या जागी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतात.